घे म्हटल्याशिवाय

मिलिंद मेंदूज्वरातून उठला तेव्हा त्याला आमची सगळ्यांची नावं येत होती, हे मी आधीच सांगते. कारण पुढचं ऐकून लोकांचा समज होतो की माझा भाऊ सगळं विसरला होता. तो काहीच विसरला नव्हता. दवाखान्याच्या फाटकाशी लावलेली बाबांची सायकल त्यानं लांबून ओळखली, मला "सुजा" म्हणाला, आणि घरी आल्यावर बुद्धाच्या तसबिरीपुढं हात जोडून अख्खी वंदना न अडखळता म्हणाला. आईनं पदर तोंडाला लावला. बाबा म्हणाले, "बघ, झाला की बरा." डॉक्टरांनी सोडताना इतकंच सांगितलं होतं, की जीव वाचलाय, बाकीचं घरी हळूहळू कळेल. ते कळायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी तो शेजारच्या नूरखालांच्या दाराशी नुसता उभा राहिलेला दिसला. आमच्या दाराची कडी उजवीकडं होती, ती त्याला काढता येत होती. त्यांची डावीकडं होती. तो त्या कडीकडं बघत होता, जशी काही ती कडीच नव्हे.

शुक्रवार पेठेतल्या एका बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडले की ते दुरुस्त करणारे. सकाळी सायकलच्या हँडलला डबा अडकवून जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर सुताची पांढरी लव बसलेली असायची. बोळाच्या दुसऱ्या टोकाला एका घरात चार-सहा माग होते, त्यांचा खटखटाट दिवसभर चालायचा. आम्हाला तो ऐकूच यायचा नाही, मात्र वीज गेली की एकदम कानांना दडे बसल्यासारखं व्हायचं. आई भाकऱ्या थापायची तो आवाज, नूरखालांच्या शिलाई मशीनची घरघर, आणि उन्हाळ्यात दुपारी बोळातून जाणारा फेरीवाला. खाणं साधंच. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याचं किंवा कधी हुलग्याचं काही. शेंगा कुटायचं काम मिलिंदकडं असायचं. आजारपणानंतरही ते काम त्याला येत होतं, आमच्या उखळात. दुसऱ्या कुणाच्या उखळापुढं बसवलं की त्याचे हात थांबायचे.

आजारापूर्वी तो शाळेत माझ्या चार इयत्ता पुढं होता आणि गणितात हुशार होता. आता त्याला शिकवलेली प्रत्येक गोष्ट जिथं शिकवली तिथंच राहायची. आपल्या बोळाच्या तोंडाशी थांबायचं, दोन्हीकडं बघायचं आणि मग रस्ता ओलांडायचा, हे आईनं त्याला शिकवलं, आणि तो ते कधी चुकला नाही. पण भाजी मंडईच्या रस्त्यावर तो सरळ चालत सुटला आणि एका टांगेवाल्यानं घोडा आवरला म्हणून वाचला. मग मंडईचा रस्ता वेगळा शिकवावा लागला. मग शाळेचा. आई ही सगळी वाक्यं भाकरी थापता थापता एका चालीत म्हणायची आणि तो तिच्यामागं म्हणायचा. "थांबायचं. हिकडं बघायचं. तिकडं बघायचं." मी अभ्यास करत असायची आणि माझ्या नागरिकशास्त्राच्या वाक्यांमध्ये ही वाक्यं मिसळायची. पुढं मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मुलाला एक उदाहरण सुटलं आणि त्यातले आकडे बदलले की दुसरं सुटत नाही, असं कितीतरी वेळा पाहिलं. इतर शिक्षक वैतागायचे. मला मात्र अशा मुलासमोर उभं राहिलं की आमच्या घरातला रॉकेलचा वास यायचा.

वंदनेतलं दुसरं शील असं आहे की, दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. आम्ही सगळेच ते रोज संध्याकाळी म्हणायचो आणि मग निवांत जेवायला बसायचो. आजारानंतर मिलिंद समोर वाढलेल्या ताटापुढं हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं भूक नसेल. दुसऱ्या दिवशी आईच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "घे." त्यानं लगेच घास घेतला. तेव्हापासून प्रत्येक जेवणाला, पाण्याच्या प्रत्येक पेल्याला कुणीतरी "घे" म्हणायचं असं आमच्या घरात ठरूनच गेलं. बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "मागासारखं झालंय त्याचं. जे बांधून दिलंय तेच विणतोय. पण पोरगं म्हणजे काय माग न्हवे. निघेल गाठ."

त्या ईदला नूरखालांनी आम्हा दोघांना शीरखुर्मा प्यायला बोलावलं. खालांना मूलबाळ नव्हतं, त्यांचे यजमान ट्रक चालवायचे आणि महिन्यातले बरेच दिवस बाहेर असायचे. मिलिंद वाटीसमोर बसून राहिला. खाला म्हणाल्या, "खाता कायकू नै बेटा? ले." तो हलला नाही. "ले ना रे बाबा, ठंडा होरा." मी म्हणाले, "खाला, त्याला घे म्हणा." त्यांनी माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं, मग त्याच्या अगदी जवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "घे." त्यानं वाटी उचलली. त्या दिवसापासून खाला त्याला काही देताना दोन्ही शब्द म्हणायला लागल्या, "ले, घे." असे किती महिने गेले ते मला आठवत नाही. एकदा त्या मशीनवर बसल्या होत्या, तोंडात टाचणी होती. त्यांनी बशीत खजूर ठेवला आणि फक्त "ले" म्हणाल्या. त्यानं तो उचलून तोंडात टाकला. खाला मशीन सोडून आमच्या घरात आल्या आणि आईला म्हणाल्या, "बाई, मैं सिरफ ले बोली." आईला आधी कळलंच नाही की त्या काय सांगतायत. कळलं तेव्हा दोघी उंबऱ्याशी बसून राहिल्या.

माझी नात सध्या बोलायला शिकतेय. परवा बाहुलीचे केस विंचरून मला दाखवायला आली आणि म्हणाली, "आजी, मी करलं." तिची आई लगेच म्हणाली, केलं म्हण. पण या घरात "करलं" कुणीच म्हणत नाही, तेव्हा हा शब्द तिनं ऐकलेला नाही. धरलं, भरलं, सारलं हे ऐकून तिच्या डोक्यानं आपलं आपण एक सूत्र काढलं आणि ते जिथं लागत नाही तिथंही लावलं. चूक झाली ती सूत्र सापडलं म्हणून. ते ऐकताना मला हसू यायला हवं होतं. माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्या मिलिंदच्या बाबतीत आम्ही अशाच एका चुकीची देवाकडं मागावी तशी वाट बघत होतो, आणि ती आली.

त्याची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरात झाली. रॉकेलचा स्टोव्ह एकदा भडकला आणि आईनं त्याच्यावर जाड गोधडी टाकून दाबून धरली. विझल्यावर तिनं मिलिंदला बोलावलं. "हे बघ. पेटलं की पानी वतायचं न्हाय. पांघरूण टाकायचं. दाबून धरायचं." मग थंड स्टोव्हवर तीच गोधडी टाकून ती त्याच्याकडून हे करून घ्यायची, खेळ असल्यासारखं. टाकायचं. दाबून धरायचं. आमचा स्टोव्ह, आमची गोधडी, आमचं स्वयंपाकघर. यापलीकडं ते जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, आणि आईची अपेक्षाही तेवढीच होती, की ती बाहेर गेली असताना घराला आग लागू नये.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार होती. मी ओट्यावर शेंगा निवडत बसले होते आणि मिलिंद माझ्या शेजारी. नूरखालांच्या घरातून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता, मग फट् असा आवाज आला आणि खाला बाहेर आल्या. त्यांचा पदर पेटला होता. त्या ओरडत नव्हत्या. तोंड उघडं होतं पण आवाज नव्हता, आणि त्या बोळातून धावायला लागल्या होत्या. माझ्या मांडीवरचं सूप तसंच राहिलं, मला उठताच येईना. मिलिंद उठला. त्यानं दोरीवर वाळत घातलेली त्यांचीच चादर ओढली, त्यांना गाठलं, चादर अंगाभोवती टाकली आणि त्यांना जमिनीवर पाडून दोन्ही हातांनी दाबून धरलं. माणसं जमली तेव्हाही तो दाबूनच होता. आईनं येऊन सांगितलं, "सोड आता, विझलं," तेव्हा सोडलं. खालांचा डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत भाजला होता. बाकी काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, चादर मिळाली नसती तर काही सांगता येत नव्हतं.

बाबा कामावरून आले, त्यांना सांगितलं, तर ते सायकल धरूनच उभे राहिले. मग आत येऊन मिलिंदच्या डोक्यावर हात ठेवून बसले. "बाईमाणूस म्हणजे स्टोव्ह न्हवे. चादर म्हणजे गोधडी न्हवे. हे त्याला कोण बोललं? कुणीच न्हाय. त्यानं आपलं आपण जोडलं." दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या प्रत्येक मागावर जाऊन त्यांनी ते सांगितलं असणार, कारण आठवडाभर त्यांचे सोबती मिलिंदला बघायला येत होते. बाबांना इतकं आनंदी मी पुन्हा पाहिलं नाही. आई खूश होती, पण ती सगळे गेल्यावर स्टोव्हपुढं बसून म्हणाली, "लावायचं कुटं ते कळलं त्येला. न लावायचं कुटं, ते कसं शिकवायचं?" बाबा म्हणाले, "शिकंल की."

तो शिकत होता, पण आईच्या प्रश्नाला उत्तर होतं असं म्हणता येणार नाही. चहाच्या गाड्यावरच्या भट्टीवर त्यानं पोतं टाकलं. कुणाच्या तरी चुलीवर टॉवेल टाकला आणि तवा उपडा झाला. एकदा वंदनेला लावलेल्या उदबत्तीवर बाबांचा सदरा. आम्ही हसायचो, लोकांची माफी मागायचो, आणि आई एकेक अपवाद शिकवायची. चूल चालंल. उदबत्ती चालंल. चहाची भट्टी चालंल. तो मागोमाग म्हणायचा. होळीच्या दिवशी आई त्याला घेऊन विहारात जाऊन बसली. जेवढ्या आगी माणसाच्या आयुष्यात येतात तेवढ्या तिनं आठवून आठवून त्याला सांगितल्या. एक सोडून. ती कोणत्या आईला आठवली असती?

बाबा कारखान्यातच गेले. मागावर वाकले होते ते तसेच वाकून राहिले, असं त्यांना घेऊन आलेल्या माणसांनी सांगितलं. नातेपुत्याहून माझी आत्या आणि काका यायचे होते म्हणून अंत्यविधीसाठी सकाळपर्यंत थांबलो. थंडीचे दिवस होते. आमच्यात बायकाही स्मशानात जातात, म्हणून आई आणि मी दोघीही होतो. मिलिंदला पांढरा सदरा घातला होता आणि वरून चादर पांघरायला दिली होती, बाबांनीच आणलेली. तो सारखा बाबांच्या चेहऱ्याकडं बघत होता. वंदना सुरू झाली तेव्हा तो सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणाला, त्याचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता. काही बायका रडल्या त्या त्यामुळं रडल्या. मग काका म्हणाले, "मोठा पोरगा हाय, त्याच्या हातनं होऊ द्या." आईला ते ऐकू आलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. काकांनी मिलिंदचा हात धरून पेटता टेंभा लाकडांना लावला, आणि हात धरूनच त्याला मागं आणलं. इथपर्यंत सगळं रीतसर झालं.

लाकडं पेटायला थोडा वेळ लागला. धूर आला, मग पायाकडून ज्वाळा वर यायला लागल्या. मी मिलिंदकडं बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसते डोळे इकडून तिकडं जात होते, गणित सोडवताना जायचे तसे. मग त्यानं अंगावरची चादर काढली. मला कळलं. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं आणि तरीही उपयोग नव्हता, कारण तो तोवर पोचला होता. त्यानं चादर बाबांवर टाकली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. आणि मान वळवून आमच्याकडं बघून म्हणाला, "दाबा की. दाबून धरा."

पुढची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ती माझ्या हातून झालेली नाही, नुसती माझ्या मनात झालेली आहे. चादरीखाली ज्वाळा खरंच खाली बसल्या. तेवढ्या क्षणापुरता नुसता धूर राहिला, बाबांचा चेहरा चादरीबाहेर दिसत होता, आणि मला वाटलं, विझलं. वाचले. पंधरा वर्षांची होते मी, शाळेत विज्ञानात चांगले गुण मिळवत होते, आणि मला अगदी शांतपणे वाटून गेलं की वाचले. खालांना वाचवलं तसं. मग चादरीच्या कडेनं आग परत बाहेर आली. त्या क्षणात मी आणि मिलिंद एकाच जागी उभे होतो. जमलेल्या एवढ्या माणसांत आम्ही दोघंच तिथं होतो. सगळे म्हणतात त्याला समजलं नाही. मला अजून वाटतं, आग म्हणजे काय आणि आपलं माणूस म्हणजे काय हे त्या सकाळी त्यालाच नीट समजलेलं होतं. फक्त मरण म्हणजे काय ते त्याच्या सूत्रात बसवलेलं नव्हतं. ते कुणाच्या सूत्रात बसलेलं असतं?

चार जणांनी त्याला ओढून काढलं. तो ताकदीनं लढत होता. काकांनी त्याला थोबाडीत मारली, एकदा आणि मग पुन्हा, आणि ओरडले, "हात लावायचा न्हाय. समजलं का? कशाला हात लावायचा न्हाय." आत्या मध्ये पडली. "सोड त्येला. आरं, सोड की. बापच हाय न्हवं त्येचा." काकांचा हात तसाच वर राहिला, मग ते स्वतःच खाली बसले आणि रडायला लागले. मिलिंद एकदम थंड झाला. त्याचे दोन्ही तळवे भाजले होते. तो त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हता, काकांच्या तोंडाकडं बघत होता. आई तेव्हा पहिल्यांदा जागची हलली. त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि आम्ही तिघं बाबांचं सगळं होईपर्यंत तिथं तसेच होतो.

तळव्यांवर पट्ट्या बांधल्या होत्या तोवर आई त्याला भरवायची, ते साहजिकच होतं. पट्ट्या सुटल्या. कातडी गुलाबी आणि चकचकीत आली होती, बोटं नीट वळत होती. आईनं ताट ठेवलं आणि म्हणाली, "घे." तो बसून राहिला. हात मांडीवर. "घे, बाळा." त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. मग आईनं घास केला. तेव्हा आम्हाला कळायला लागलं. तो कडी काढेना. उखळाजवळ जाईना. अंगावरून पांघरूण घसरलं तर कुडकुडत पडून राहायचा पण ओढून घ्यायचा नाही. जे जे एकेक करून शिकवलं होतं, कितीतरी महिने भाकरी थापता थापता, ते सगळं एका सकाळच्या एका वाक्याखाली गेलं होतं. आणि ते वाक्य मात्र कुठल्या एका दाराला, एका रस्त्याला चिकटून राहिलं नाही. ते त्याला कुणी जागोजागी शिकवावं लागलं नाही. कशाला हात लावायचा न्हाय. ते त्याचं त्यानं सगळीकडं नेलं.

काका दोनदा आले. त्याच्यासमोर मांडी घालून बसले, मोठा माणूस, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, आणि म्हणाले, "मिलिंदा, मी चुकलो. हात लाव. कशाला बी लाव. हे बघ, माझ्या तोंडाला लाव." त्याचा हात उचलून त्यांनी स्वतःच्या गालावर ठेवला. सोडला तसा तो खाली पडला. नूरखाला रोज यायच्या. बाही वर करून भाजल्याची खूण दाखवायच्या. "देख बेटा. ये हात तेरे वजह से है मेरेकू. तू गलत नै किया." तो खुणेकडं बघायचा आणि मागं सरकायचा. आईनं त्याला पुन्हा वाक्यं म्हणून दाखवायला सुरुवात केली, त्याच चालीत, तो मागोमाग म्हणायचा, शब्द बरोबर यायचे. हात मांडीवरच. वर्गात घाबरलेलं मूल पुढं मला कितीदा भेटलं. एका शिक्षकाची एक चापट, आणि ते गणिताच्या तासालाच काय, कुठल्याच तासाला हात वर करत नाही. चांगल्या गोष्टी शिकवायला वर्षं जातात आणि दुसऱ्या घरात नेताना त्या सांडतात. भीती मात्र एकदाच शिकवावी लागते. हे असं का असावं, मला कळलेलं नाही. माझा मुलगा त्याची कारणं सांगतो, ती बरोबरही असतील. मी ऐकते आणि मला काकांचा तो वर राहिलेला हात दिसतो.

आई कारखान्यात टॉवेलांच्या घड्या घालायच्या कामाला लागली. बाबांच्या मालकांनी ते काम दिलं होतं. खाला मिलिंदकडं लक्ष ठेवायच्या. असंच वर्ष सरलं. मार्चमध्ये, माझी दहावीची परीक्षा तोंडावर असताना, आईला टायफॉईड झाला. ताप इतका की ती डोळे उघडायची, पण समोर कोण आहे ते तिला पुष्कळदा कळायचं नाही. डॉक्टरांनी पातळ आणि फळांचंच द्यायला सांगितलं होतं. खालांनी संत्री आणून खाटेजवळ ठेवली होती. त्या दिवशी सकाळी मला शाळेत जावं लागलं. खाला म्हणाल्या, तू जा, मैं बैठती. पण त्यांचे यजमान अचानक आले म्हणून थोड्या वेळासाठी त्या घरी गेल्या. मी परत आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं, बोळात चिटपाखरू नव्हतं. दार उघडंच होतं. मी बाहेर चप्पल काढली आणि आत पाय टाकणार तेवढ्यात मला मिलिंदची पाठ दिसली.

तो खाटेच्या कडेला बसला होता. त्याच्या मांडीवर संत्र्याची सालं होती. त्यानं एक फोड घेतली होती आणि तिच्यावरच्या पांढऱ्या शिरा काढत होता, एकेक, त्या गुलाबी बोटांनी, हळू. मग फोड उघडून बिया काढल्या. मग ती आईच्या ओठांना लावली. आईनं तोंड उघडलं. तो थांबला, तिनं गिळेपर्यंत, आणि मग दुसरी फोड घेतली. त्याला "घे" कुणी म्हणालं नव्हतं आणि "दे" तर आमच्या घरात त्याला कधीच कुणी म्हणालं नव्हतं. आजारी माणसाला असं भरवायचं असतं हे वाक्य आईच्या कुठल्याच चालीत नव्हतं. पट्ट्या होत्या तेव्हा तिनं त्याला भरवलं होतं, एवढंच. त्याच्या डोक्यात ते उलटं कसं फिरलं, देणारी आणि घेणारा यांची जागा कुणी बदलली, ते मला सांगता येणार नाही.

आईनं मला पाहिलं. तिचा ताप उतरला होता की काय कोण जाणे, पण तिचे डोळे स्वच्छ होते आणि तिनं मला ओळखलं होतं. ती काही बोलली नाही. तिचे ओठ हलले असते तर तो हुकूम झाला असता, आणि हुकूम झाला असता तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिनं फक्त पापण्या मिटल्या आणि उघडल्या. मला समजलं. खाला त्यांच्या दारातून बाहेर आल्या, मी त्यांना हातानं थांबवलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि तोंडावर पदर धरून माझ्याजवळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आत संत्रं संपत आलं होतं. शेजारी अजून दोन ठेवलेली होती. बोळातली फरशी तापून लाल झाली होती आणि माझ्या पायात चप्पल नव्हती. चप्पल हाताच्या अंतरावर पडली होती. मी ती घातली नाही. फरशीवर चप्पल वाजते. पाय भाजत होते, आणि आतून दुसरं संत्रं सोलायला घेतल्याचा वास आला.